कोरडी पाकळी

गेली सहा वर्षं मालुबाईनं मंगळवारी पाण्याशिवाय तोंडात काही घातलं नव्हतं. कंग्राळीत उपास करणाऱ्या बायकांना काय तोटा? कुणी साबुदाणा खातं, कुणी वऱ्याचे तांदूळ, कुणी दोन केळ्यांवर दिवस ढकलतं. मालुबाईचा मंगळवार म्हणजे तांब्याभर पाणी आणि तिन्हीसांजेला देवापुढं वात. सून पूर्णिमा कधीमधी विचारायची, आई, हा उपास तुम्हाला कुणी सांगितला? त्यावर ती म्हणायची, आमच्या माहेरच्या माउलीचा आहे. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

माहेर म्हणजे आंबेगाळी. खानापूरच्या जंगलात, शेवटच्या डांबरी रस्त्यापासून तीन तास चालत. चाळीसेक उंबरे, उतरती भाताची खाचरं, एक झरा आणि झऱ्याच्या वर माउलीचं कौलारू देऊळ. माउलीला नाक नाही, डोळा नाही. गुडघ्याएवढा काळा दगड, त्याला सणावाराला चांदीचे डोळे लावायचे, एवढंच. पूजा गुरवाच्या घराकडं, म्हणजे मालुबाईच्या माहेराकडं. आई वारली तेव्हा मालुबाई अकरा वर्षांची आणि धाकटा मष्णू पाच वर्षांचा. त्याला न्हाऊ घालण्यापासून ताम्हन घासायला शिकवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. लग्न होऊन ती कंग्राळीला आली तेव्हा मष्णू गाडीवाटेनं रडत दीड कोस मागं आला होता, असं ती अजून सांगते.

आंबेगाळीत माउलीला विचारल्याशिवाय पेरणीसुद्धा व्हायची नाही. विचारायची रीत म्हणजे कौल. गुरवानं दोन पाकळ्या पाण्यात भिजवून दगडावर चिकटवायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. मग गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्या गावानं हात जोडून बसून राहायचं. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. कधी घटकाभरात निकाल लागायचा, कधी दुपार उलटायची. पण पाकळी पडली की पुढं कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मष्णूची बायको बाळाबाई पोटदुखीनं लोळायला लागली. ओढ्यांना पूर आलेला. चौघांनी घोंगडं बांबूला बांधून डोली केली आणि तिला खांद्यावर घेऊन निघाले. दोन ओढे पार झाले. तिसऱ्याच्या काठावर पाणी उतरायची वाट बघत बसले असताना ती गेली. इकडं मालुबाई मुलाला, साईराजला घेऊन डांबरी रस्त्यावर गाडीजवळ उभी होती. अंधार पडायच्या वेळेला डोली आली, तेव्हा डोलीत तिचं तोंड झाकलेलं होतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर साहेब लोक आले. अभयारण्यातून बाहेर पडायला तयार असाल तर रस्त्याकडेला जागा देतो, घरं देतो म्हणाले. तरणी पोरं तयार होती, म्हातारी माणसं नव्हती. शेवटी गावानं ठरवलं, माउली येत असेल तर आपण जाऊ. ती राहते म्हणाली तर आपणही राहू. सगळं गाव त्या दोन पाकळ्यांवर येऊन थांबलं.

कौलाच्या आदल्या रात्री मालुबाई माहेरी गेली होती. बाळाबाईची चूल तशीच होती, तिच्या हातानं सारवलेली. त्या चुलीपुढं बसून तिनं भावाला सांगितलं, “मष्णू, उजवीला पाणी लावू नको. कोरडीच ठेव.” कोरडी पाकळी किती वेळ तग धरणार? मष्णू लाकूड आत सारून निखारे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी उजवी पडली. बायका रडल्या, म्हाताऱ्यांनी मान खाली घातली आणि महिन्याभरात आंबेगाळी उठली. माउलीचा दगड नव्या घोंगड्यात गुंडाळून ट्रॅक्टरमधून वाजतगाजत नेला आणि नव्या वसाहतीत पत्र्याच्या शेडखाली बसवला. मष्णूनं तिथं महिनाभर पूजा केली. मग एके दिवशी किल्ली गावच्या भावकूच्या हातात दिली आणि निघून गेला. पुढं कळलं की ज्या जंगलातून गाव उठलं त्याच जंगलात, पाहुण्यांसाठी तंबूंचा कँप केलाय तिथं, तो वॉचर म्हणून राहिलाय. बायकोच्या दुःखानं डोकं फिरलं, असं लोक म्हणाले. मालुबाईनं मात्र त्याच आठवड्यात मंगळवार धरला. देवाच्या तोंडातला शब्द तिनं फिरवला होता. भावाच्या हातून फिरवून घेतला होता. तो हात घेऊन तो पूजेला कसा बसणार?

यंदा वसाहतीत सिमेंटचं देऊळ उभं राहिलं. प्रतिष्ठा चैत्रात ठरली. माघ सरता सरता भावकू मुद्दाम कंग्राळीला आला. वयानं मालुबाईच्याच बरोबरीचा, गावचा मानकरी. चहा घेऊन त्यानं जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच की माउलीला हलवणारा हात मष्णूचा होता, बसवणारा हातही त्याचाच हवा. दोन माणसं पाठवली होती, तो भेटला नाही. निरोप धाडला तर उत्तर नाही. आता तूच जा, तुझ्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही, असं भावकू म्हणाला. ते शेवटचं वाक्य मालुबाईच्या काळजात सुईसारखं रुतलं.

भावकूपेक्षा तिला स्वतःला जास्त पाहिजे होतं. मष्णूला आणायचं, दोघांनी माउलीपुढं उभं राहून झालेली चूक सांगायची, नाक घासायचं, आणि मग त्याच्या हातून तिला नव्या देवळात बसवायचं. प्रतिष्ठा झाली की झाली. एकदा चुना भरला, मंत्र झाले, की चूक सांगायलाही जागा उरणार नाही. जे करायचं ते चैत्राच्या आत.

पण जायचं कसं? जंगलाच्या फाटकातून बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. जुन्या गावच्या माणसाला तर नाहीच नाही. साईराज म्हणाला, आई, एक वाट आहे, आपण पाहुणे म्हणून जाऊ. त्यानं मोबाइलवर तिघांची आधार कार्डं भरली, एका रात्रीचा तंबू घेतला. मालुबाईला हसावं की रडावं कळेना. माहेरी मुक्कामाला जायला आधार कार्ड.

फाल्गुनातल्या एका शनिवारी ते निघाले. पूर्णिमानं शहापूरच्या साडीच्या दुकानातून सुट्टी काढली होती. तिला बिचारीला सहलीचा आनंद होता, नवीन पायजमाबिमा घेतला होता. पिरनवाडी मागं पडली, खानापूर मागं पडलं. फाटकावर पिशव्या तपासल्या. मालुबाईच्या पिशवीत निरांजन, वाती, तेलाची बाटली, खण, नारळ. गार्डनं बाकी सगळं राहू दिलं आणि काड्यापेटी काढून घेतली. आत आग पेटवायची नाही, अम्मा. ती म्हणाली, आग न्हवं रं बाबा, दिवा. तो हसला आणि काड्यापेटी खिशात टाकली.

तिथून कँपच्या जीपनं अर्धा तास. तीन तासांची वाट अर्ध्या तासात संपली तशी ती गोंधळून गेली. आता ओढा येईल, आता चढ येईल असं म्हणेपर्यंत जीप थांबलीसुद्धा. समोर हिरवे तंबू, ओळीनं. मधे गोल झोपडीसारखं जेवणघर. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. तंबू आंबेगाळीच्या पाटलाच्या खाचरांत उभे होते. बांध तसेच होते, फक्त त्यांच्यावर आता फरशीची पायवाट केली होती.

बंगळूरहून आलेली आठदहा मुलंमुली आधीच पोचली होती. माहिती सांगायला कुमार नावाचा एक तरुण होता, गोड बोलणारा. त्यानं सगळ्यांना गोल करून कन्नडात आणि इंग्रजीत सांगितलं की हे अगदी अस्सल रान आहे, इथं माणसाचा हात लागलेला नाही. मग एका मोठ्या फणसाकडं बोट करून म्हणाला, हा बघा जंगली फणस, प्राण्यांच्या पोटातून याचं बी पडतं आणि झाड उगवतं. मालुबाई सुनेच्या कानाशी लागून म्हणाली, “माझ्या आज्जीनं लावलेला हाय गं तो. आज्जी कुठला प्राणी म्हणायचा?” पूर्णिमाला हसू आवरेना. मालुबाईही हसली, पण तेवढ्यात पलीकडून पाण्याची घागर घेऊन एक माणूस येताना दिसला आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. खाकी सदरा, डोक्याला टॉवेल, डावा पाय जरा ओढत टाकायची सवय. दाढी पांढरी झाली होती. छाती आत गेली होती.

तो जवळ आला. घागर खाली ठेवली. तिच्याकडं बघितलं, एकच क्षण. मग हात पुढं करून म्हणाला, “मॅडम, पिशवी द्या. तीन नंबर तुमचा.”

ओळखीची माणसं पाहुणे बनून आत येतात हे कळलं तर त्याची नोकरी जाईल, हे तिला नंतर सुचलं. त्या क्षणी मात्र तिनं मुकाट्यानं पिशवी दिली. आयुष्यात पहिल्यांदा भावानं तिला आक्का सोडून दुसऱ्या नावानं हाक मारली होती. तो पुढं चालत गेला. खोकत होता, खोकला पार खालून वर येत होता. तंबूत पिशवी ठेवून तो वळला आणि साईराजच्या पाठीवरून जाता जाता नुसता हात फिरवला.

संध्याकाळी सगळे पक्षी बघायला गेले, मालुबाई गुडघ्याचं निमित्त करून तंबूपाशी बसली. मष्णू येईल म्हणून बसली. तो आला नाही. तारेच्या कुंपणापलीकडं झऱ्याच्या दिशेनं जाताना दिसला, कमरेला कोयता, हातात काहीतरी झाकलेलं. परत आला तेव्हा अंधार होता. जेवायला चपाती, पनीर, भात, आणि कसला तरी लाल रस्सा. तोच वाढत होता. तिच्या ताटात भात घालताना चार शितं बाहेर सांडली आणि तिनं, न बघता, पुरे म्हणून ताटावर हात आडवा धरला. लहानपणी तो असाच भात सांडायचा.

मुलांनी शेकोटी मागितली, तर कुमारनं विजेचा एक लालभडक दिवा आणून ठेवला. त्याच्याभोवती बसून त्यांनी गाणी म्हटली. नऊ वाजता सगळे दिवे गेले.

तंबूत मालुबाईला झोप कशी येणार? साईराज घोरत होता. पूर्णिमा कँपनं दिलेल्या झोपायच्या चेनवाल्या पिशवीत गुरफटून पडली होती. मालुबाईला ती पिशवी नको वाटली. तिरडीवर बांधल्यासारखं होतं गं, ती सुनेला म्हणाली होती. ती शाल पांघरून बसून राहिली. रात्र सरेना. पूर्वी या गावाला रात्री आवाज होते. कुणाचं तरी पोर रडायचं, गोठ्यात घंटा वाजायची, म्हातारा राणबा पडवीत खोकायचा. आता दूर सांबर ओरडलं आणि नंतर इतकं शांत झालं की तिला आपल्याच कानातलं रक्त ऐकू यायला लागलं. एवढ्या वर्षांत नेमानं केलेला जप तिनं तोंडात घोळवला, पण मन जागेवर राहीना. बाळाबाईचं झाकलेलं तोंड दिसायचं. उद्या सकाळी काय बोलायचं त्याची ती जुळवाजुळव करत राहिली. मी सांगितलं म्हणून तू केलंस, पाप माझं. माझ्या डोक्यावर घाल आणि चल. एवढंच बोलायचं. एवढं बोललं की तो येईल. त्यानं तिचा शब्द कधी मोडला नव्हता.

पहाटे धुकं उतरलं. सहाला सगळे कुमारच्या मागून टेकडीवर गेले. साईराज पूर्णिमाला घेऊन मुद्दामच गेला. त्यांचे आवाज धुक्यात बुडाल्यावर मष्णू स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन आला. तंबूपुढच्या बांधावर तिच्या शेजारी बसला.

“आक्का,” तो म्हणाला. “गुडघं लई दुखतात व्हय?”

तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. रात्रभर जुळवलेलं सगळं एका झटक्यात बाहेर आलं. देऊळ झालंय, चैत्रात प्रतिष्ठा आहे, भावकू येऊन गेला, तुझाच हात पाहिजे म्हणतात. आणि मग तिनं ते सांगितलं. त्या रात्री चुलीपुढं मी बोलले नसते तर तू केलं नसतंस. माझ्यामुळं तुझा हात खोटा झाला. सहा वर्षं मंगळवार धरलाय. चल माझ्याबरोबर, दोघं मिळून तिच्या पाया पडू, ती आई आहे, पोटात घालेल.

मष्णूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, चल, तुला दाखवतो. तिनं आपली पिशवी उचलली.

कुंपणाच्या एका खांबाला तारेची आकडी होती, ती काढून दोघं पलीकडं गेले. झऱ्याची वाट तिच्या पायांना आपोआप कळली. देवळाची कौलं, वासे काही नव्हते. चौथरा तेवढा होता, मधे दगड होता तिथं चौकोनी खळगा. खळगा स्वच्छ झाडलेला. कडेला कालच्या पणतीत तेलाचा काळा डाग आणि ताजी रानफुलं. रोज संध्याकाळी झाकून नेत होता ते हे होतं.

“त्या दिवशी तू सांगितलंस तसंच केलतो मी,” मष्णू खळग्याकडं बघत म्हणाला. “उजवी कोरडी लावली. डावीला मस्त पाणी. नुसता थुंकीएवढा ओलावा दगडाचा, त्याच्यावर ती कोरडी कशीबशी टेकलेली. माझी मलाच लाज वाटत होती. गाऱ्हाणं घातलं. आणि आक्का, डावी पडली.”

मालुबाईला नीट कळलं नाही. ती म्हणाली, उजवी पडली, सगळ्यांनी बघितली.

“सगळ्यांनी माझी पाठ बघितली. मी मधी बसलेला. भिजवलेली डावी पडली गं, टपकन, गाऱ्हाणं संपायच्या आत. कोरडी तशीच. हल्ली न्हाय जागची.” तो थांबला. खोकल्याची उबळ येऊन गेली. “मागं बघितलं तर पहिल्या रांगेत भावकूची सून. आठवा लागलेला तिला. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला बाळाबाईची डोली दिसली. मी पाया पडल्यासारखं केलं, डावी मुठीत घेतली, उजवीला अंगठा लावला आणि पाडली. उचलून गावाला दाखवली. ते तू सांगितलं न्हवतंस. ते माझं मी केलं.”

झऱ्याचं पाणी तेवढं वाजत होतं. सहा वर्षं जे ओझं आपलं म्हणून तिनं वाहिलं होतं ते भावानं काढून घेतलं, आणि त्याच्या जागी जे ठेवलं ते तिला उचलवेना. तिची समजूत होती की देवीचं मत विचारायच्या आधीच आपण गडबड केली. देवीनं होय म्हटलं असतं की नाही कुणाला ठाऊक, असं म्हणायला तेवढी फट होती. ती फट आता बुजली. देवीला विचारलं होतं. तिनं स्वच्छ नाही म्हणून सांगितलं होतं.

“मग तिकडं पत्र्याखाली कोण हाय रं?” तिनं विचारलं. तिचा आवाज तिला ओळखू येईना.

“दगड हाय.”

“आणि मी दर पुनवेला जाऊन ओटी भरते ती?”

खळग्यात पडलेलं एक वाळकं पान मष्णूनं दोन बोटांनी उचललं आणि बाजूला ठेवलं. मग जरा वेळानं सांगितलं की सुरुवातीला आपण भावकूला हे सांगायला गेलो होतो. ठरवून गेलो होतो. त्या दिवशी त्यांच्या घरी बारसं होतं. सून दवाखान्यातून बाळ घेऊन सुखरूप आली होती. भावकूनं नातू मांडीवर आणून ठेवला, हे सगळं तुझ्या कौलामुळं म्हणाला, आणि बुंदीचा लाडू तोंडात घातला. “लाडू खाल्ला आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी किल्ली दिली. माणसं गेली, दगडबी गेला. ती हितं एकटी. तिला दिवा नको कुणी लावायला?”

मालुबाई एकदम खाली बसली, त्याचा हात धरला. आता विचार, म्हणाली. सहा वर्षं झाली, तिचा राग उतरला असेल. आता तरी येते का विचार. मी आहे, खरा कौल लाव.

“कशावर लावू, आक्का? विचारायचा दगड तिकडं, आणि ती हिकडं.”

तिनं पिशवीतून खण आणि नारळ काढून खळग्याच्या कडेला ठेवला. मष्णूनं खिशातली काड्यापेटी काढून काडी ओढली, तिनं आणलेल्या निरांजनात वात लावली. धुक्यात ज्योत एवढीशी दिसत होती. दोघांनी हात जोडले. गाऱ्हाणं घालायला मष्णूनं तोंड उघडलं, पण खोकल्यानं त्याला बोलू दिलं नाही.

परत येताना तिनं एकदाच विचारलं, गावाला सांगू का? तो म्हणाला, तुझं तू बघ, मी तुला अडवत न्हाय. मग तू येतोस का, हे विचारायचं तिनं सोडून दिलं. निदान औषध घे, एवढं सांगितलं. कँपजवळ आवाज ऐकू यायला लागले तसा तो चार पावलं मागं राहिला.

दहा वाजता जीप निघाली. बंगळूरच्या मुलांनी सगळ्यांबरोबर फोटो काढले. त्यात मष्णूलाही उभं केलं. तो घागर हातात घेऊन उभा राहिला. साईराजनं पाया पडायला वाकायचं केलं, तर त्यानं डोळ्यांनीच नको म्हटलं. जीप वळली तेव्हा मालुबाईनं मागं वळून बघितलं नाही. पूर्णिमानं बघितलं आणि सांगितलं, मामा तिथंच उभे आहेत.

फाटकावर गार्डनं आठवणीनं काड्यापेटी परत दिली. स्वतःच्या गाडीत बसून ते थोडे पुढं आले आणि फोनला रेंज आली. लगेच भावकूचा फोन. सुनेनं तो मालुबाईच्या कानाला लावला.

भेटला का, भावकूनं विचारलं. भेटला, ती म्हणाली. येतो म्हणाला? मालुबाईनं खिडकीबाहेर बघितलं. ती म्हणाली, त्याची तब्येत बरी नाही, खोकला लई आहे, त्याच्यानं होणार नाही, तुम्ही नंदगडकडचा कुणीतरी गुरव बघा. भावकूनं हळूच विचारलं, कौलाबद्दल काही बोलला का गं तो? लोक काहीबाही बोलतात, म्हणून विचारतो. मागं कुठंतरी पोराचा आवाज येत होता, आज्जोबा, आज्जोबा. ती म्हणाली, “न्हाय गा. काय बोलला न्हाय.”

बरं बरं, भावकू म्हणाला. आवाज एकदम हलका झाला त्याचा. मग म्हणाला, तो न्हाय तर न्हाय, तू तिथंच आहेस तर एक काम कर. आपल्या झऱ्याचं तांब्याभर पाणी आण. पहिला अभिषेक त्या पाण्यानं होऊ दे, म्हणजे माउलीला परकं वाटणार नाही. तेवढं तरी आण बाई.

साईराजला ते ऐकू आलं होतं. त्यानं गाडी कडेला घेतली. फाटक अजून मागं दिसत होतं, गार्डही ओळखीचा झाला होता. “आई, वळवू काय? एक बाटली मामाकडून भरून आणायला सांगतो गार्डला. तासाभराचं काम.”

पूर्णिमानं पायाशी पडलेली रिकामी बाटली उचलून पुढं केली. मालुबाईनं ती हातात घेतली, तिचं झाकण घट्ट लावलं आणि परत सुनेच्या मांडीवर ठेवली. फोनवर भावकू हॅलो हॅलो करत होता.

“आम्ही लई पुढं आलो, भावकूअण्णा,” ती म्हणाली. “आता न्हाय जमायचं.” मग मुलाला म्हणाली, “चल रं.”